लाल रेषेच्या आतले घर

चिपळूणमध्ये मोठ्या पुराची मोजदाद दोन सालांत होते. एक २००५ आणि दुसरे २०२१. मधल्या सोळा वर्षांत बाजारपेठेत पाणी आलेच नाही असे नव्हे. ते येतच असते, आणि खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर चढवायची सवय तिथल्या दुकानदाराच्या हाताला असते. पण घराचा हिशेब मुळापासून बदलून टाकणारे पाणी म्हणजे २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन तारखांचे. सोळा वर्षांचे हे अंतर मोठे फसवे आहे. पूर विसरायला एवढी वर्षे पुरतात, आणि तरीही वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते संपण्याआधीच तो पुन्हा दारात उभा राहतो. कोकणातला माणूस घर बांधताना जांभ्याचे चिरे मोजतो, कौलाचा की स्लॅबचा म्हणून महिनाभर वाद घालतो, विहिरीच्या पाण्याची चव बघतो. पुराचा खर्च मात्र त्या वहीत कुठेच नसतो. घरांचा विमा आपल्याकडे का रुजला नाही याचे उत्तर बहुतेक जण ‘परवडत नाही’ असे देतात. आकडे मांडून पाहिले तर हे उत्तर टिकत नाही. पूर ही घराच्या खर्चातली एक ठरलेली बाब आहे हे आपण मान्यच केलेले नाही, विम्याची सगळी अडचण तिथून सुरू होते.

आधी पाणी येते कसे ते पाहू, कारण विम्याचे गणित नदीच्या गणितावर उभे आहे. कोकणातल्या नद्या आखूड. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावून सत्तर-एक किलोमीटरांत दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. डोंगरावरून ती धावत उतरते आणि चिपळूणजवळ सपाटीवर आली की तिचा वेग मोडतो. तिथेच तिची गाठ भरतीशी पडते, कारण शहर समुद्रकिनाऱ्यापासून आत असले तरी खाडीचे पाणी शहरालगतच्या गोवळकोटपर्यंत चढते. वरून पुराचा लोंढा आणि खालून उधाण असे एका वेळी आले की मधल्या गावाला जागा उरत नाही. सावित्रीचे तसेच. ती महाबळेश्वरच्या माथ्यावरून निघते, महाडला गांधारीला भेटते आणि बाणकोटच्या खाडीकडे जाते. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि पौर्णिमा दीड-दोन दिवसांवर होती. एवढे सांगितले की महाड आणि चिपळूण एकाच वेळी का बुडाले याचे अर्धेअधिक उत्तर मिळते. त्याच दिवसांत गोव्यातही सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत घरे पडली आणि १९८२ नंतरचा हा सर्वांत वाईट पूर असल्याचे तिथल्या सरकारने सांगितले. राजापूरला अर्जुना आणि कोदवली, खेडला जगबुडी. नावे वेगळी, रचना तीच. गावे मुळात वसली ती खाडीतून गलबते जिथवर येत तिथे, म्हणजे नेमकी गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या गाठीवर. व्यापाराने दिलेली जागा आहे ही, आणि तिचे भाडे पूर वसूल करतो.

हे भाडे किती, ते सांगणारी गोष्ट सरकारकडे तयार आहे. तिचे नाव पूररेषा. राज्याचा जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. २०२१ नंतर चिपळूणमध्ये या रेषांवरून मोठा गदारोळ झाला. शहराचा बराचसा जुना भाग रेषांच्या आत जातो, मग जुन्या घराची दुरुस्ती, पुनर्बांधणी, विक्री यांचे काय, हा लोकांचा प्रश्न अगदी रास्त होता. पण त्या वादात रेषेचा दुसरा उपयोग कुणाच्या ध्यानात आला नाही. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा आला की पुढची नव्याण्णव वर्षे निवांत, असा नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ, आणि फासा दर पावसाळ्यात नव्याने टाकला जातो. वीस वर्षांच्या कर्जाच्या काळात लाल रेषेवरच्या घराला असा पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे अठरा टक्के भरते. निळ्या रेषेवरच्या घराला छप्पन्न टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षा जास्त. शिवाय हे आकडे जुन्या पावसाच्या नोंदींवर बेतलेले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तेव्हा रेषा चुकली असेल तर ती आपल्या सोयीच्या बाजूला चुकली असण्याचा संभव कमी.

आता नुकसानीकडे. पूर ओसरल्यावर कोकणातले पक्के घर सहसा उभे असते. जांभ्याची भिंत भिजते, गिलावा सुटतो, दारे फुगतात, पण घर पडत नाही. जाते ते आतले. फ्रीज, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, वायरिंग, गाद्या, लाकडी कपाटे, वर्षाचे तांदूळ, मुलांची दप्तरे आणि कागदपत्रांची ट्रंक. त्यावर गुडघाभर गाळ, आणि तो काढायला दिवसाला किती मजुरी मोजावी लागेल ते त्या आठवड्यात ज्याला मजूर मिळेल त्याने ठरवायचे. सरकारी मदतीची रचना याच्या उलट आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने ११,५०० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. आकडा प्रचंड वाटतो. पण त्यातले ७,००० कोटी भविष्यातल्या प्रतिबंधक कामांसाठी आणि ३,००० कोटी पुनर्बांधणीसाठी होते. थेट मदतीच्या वाट्याला १,५०० कोटी. त्यातून पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, अर्धे पडलेल्याला ५० हजार, पाव भाग पडलेल्याला २५ हजार, निदान पंधरा टक्के पडझड झालेल्याला १५ हजार, आणि भांडीकुंडी व कपडेलत्त्यांसाठी कुटुंबामागे १० हजार रुपये. दुकानदाराला नुकसानीच्या पाऊण हिश्श्याइतके, पण जास्तीत जास्त ५० हजार. हे दर नेहमीच्या निकषांहून वाढवलेले होते हे इथे सांगायला हवे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत कपड्यांसाठी अडीच हजार आणि भांड्यांसाठी अडीच हजार एवढीच तरतूद आहे. ज्याचे घर उभे राहिले आणि आतले सगळे गेले, त्याच्या हातात या वाढीव दरानेही दहा हजारच पडले. यात सरकारचा कंजूषपणा शोधण्यात अर्थ नाही. मदत ही माणूस पहिला आठवडा तगावा यासाठी असते, त्याचे घर पूर्ववत व्हावे यासाठी नसते. तिचा हेतू तोच आहे आणि तोच राहणार.

घर पूर्ववत करण्याची जबाबदारी पैसे घेऊन लेखी स्वीकारतो तो विमा. विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून देशातल्या सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. चिपळूणच्या पुराच्या जेमतेम चार महिने आधीची ही गोष्ट, आणि तेव्हा ती किती घरांना ठाऊक होती याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. आग, वीज, भूकंप यांच्याबरोबर वादळ, त्सुनामी, पूर, पाणी तुंबणे आणि दरड कोसळणे हे सारे तिच्यात मुळातच धरलेले असते, वेगळे पैसे देऊन मागावे लागत नाही. जुन्या पॉलिसींतला एक जाच तिने काढून टाकला. पूर्वी घराची किंमत कमी दाखवलेली असली की त्याच प्रमाणात भरपाईही कापली जाई. आता घरगुती विम्यात ही कपात होत नाही. घराचा विमा उतरवला की सामानाचा विमा आपोआप धरला जातो, घराच्या विमा रकमेच्या वीस टक्के आणि कमाल दहा लाखांपर्यंत. यादी देऊन तो वाढवताही येतो. घराची रक्कम काढायची ती चटई क्षेत्राला आजच्या बांधकाम खर्चाने गुणून. इथे पुष्कळ जण चुकतात. बाजारभावात जमीन असते, आणि जमीन पुरात वाहून जात नाही. समजा आठशे चौरस फुटांचे घर आहे आणि बांधायला फुटाला दोन हजार रुपये लागतात. घर झाले सोळा लाखांचे, आतले सामान तीन लाख वीस हजारांचे. याचा वर्षाचा हप्ता बहुधा दोन हजारांच्या आत बसतो.

हे दोन हजार महाग की स्वस्त, ते पूररेषेला विचारावे. निळ्या रेषेवरच्या घरात एका पुरात तीन लाखांचे नुकसान होते असे धरू. दर वर्षी चार टक्के शक्यता, म्हणजे पुराचा वर्षाचा सरासरी खर्च बारा हजार रुपये. लाल रेषेवर तोच तीन हजार. आपण भरत नसलो तरी हा खर्च दर वर्षी चढत असतो, फक्त त्याचे बिल पंधरा-वीस वर्षांनी एकदम येते. बारा हजारांची जोखीम कंपनी दोन हजारांत का उचलते? घरगुती पॉलिसीचा दर लावताना घर नदीपासून किती लांब आणि जोते किती उंच हे सहसा बारकाईने पाहिले जात नाही. देशभरातल्या, कधीही न बुडणाऱ्या घरांच्या हप्त्यांत चिपळूणच्या पेठमापचे आणि खेंडचे घर मिसळून जाते. बाजारात असा उलटा सौदा क्वचितच मिळतो, आणि तो ज्यांच्या फायद्याचा तेच त्याच्याकडे पाठ फिरवून बसलेले आहेत. आपल्या देशात जीवनविमा वगळता बाकी सगळ्या विम्यांचे हप्ते एकत्र केले तरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास जातात, आणि त्यातला मोठा वाटा गाड्यांचा नि आरोग्याचा. दारात उभ्या असलेल्या दुचाकीचा विमा आहे, कारण पोलीस विचारतो. दाराच्या आत विचारणारे कुणी नाही. गृहकर्ज घेतलेल्यांना वाटते, बँकेने काहीतरी उतरवलेलेच असेल. कागद काढून पाहावा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा निघतो. घराचा निघालाच तर कर्जाच्या रकमेपुरता, सामानाशिवाय, आणि कर्ज फिटले की संपणारा.

पॉलिसीत काय बसत नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे, कारण किनाऱ्यावरच्या माणसाला सर्वांत जास्त चटका तिथेच बसतो. समुद्राने किंवा नदीने काठ कातरत नेला आणि त्याबरोबर घर गेले तर ते ‘पूर’ या सदरात धरत नाहीत. किनाऱ्याची आणि नदीकाठाची धूप हे दरड व जमीन खचण्याच्या कलमातले स्पष्ट अपवाद आहेत. उधाणाचे पाणी घरात शिरले तर भरपाई, त्याच उधाणाने वर्षानुवर्षे पायाखालची वाळू ओढून नेली तर नाही. भराव टाकून केलेल्या जमिनीचे बसणे, नव्या बांधकामाच्या नेहमीच्या भेगा, सदोष बांधकाम हेही बाहेर. खाडीकाठी भराव टाकून उभ्या राहिलेल्या वसाहतींत घर घेणाऱ्याने हे कलम दोनदा वाचावे. कौलातून वर्षानुवर्षे गळणारे पाणी पुरात मोडत नाही, ती देखभालीतली हयगय. दागिने नि मौल्यवान वस्तूंसाठी वेगळे कलम जोडून घ्यावे लागते. आणि खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी जी कोकणातल्या बाजारपेठेची जुनी रचना आहे, तिच्यात खालच्या मालाला घरगुती पॉलिसी लागू होत नाही. त्याला लहान व्यवसायांची वेगळी पॉलिसी लागते.

विम्याचा विषय काढला की सर्वांत आधी येणारा आक्षेप रागाचा आहे, आणि तो राग पोकळ नाही. पूर आमच्यामुळे आला का? कोयना धरणाचे पाणी पश्चिमेकडे वळवून वीज केली जाते, वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत, आणि ते कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते. नदीपात्रात गाळाची बेटे झाली. महाडकरांचे बोट दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावाकडे आहे, चिपळूणकरांचे महामार्गाच्या आणि पुलांच्या कामांकडे. धरणातून सोडलेल्या पाण्याचा २०२१ च्या पुराशी संबंध किती, यावर अधिकारी आणि नागरिक यांच्यात एकवाक्यता नाही. गाळ काढण्यासाठी चिपळूणकरांनी उपोषणे केली, आणि त्यानंतर गाळ निघू लागला हे सगळ्यांनी पाहिले. मग चूक दुसऱ्याची आणि हप्ता आम्ही का भरायचा? याचे उत्तर असे की विम्याचा हप्ता भरणे म्हणजे चूक कबूल करणे नव्हे. चोरी झाली तर दोष चोराचा, म्हणून कुणी दाराला कुलूप लावायचे सोडत नाही. पुराचे कारण ठरवायला समित्या बसतात, अहवाल येतात, न्यायालयात वर्षे जातात. तोवर फ्रीज कोण देणार? उलट विमा उतरवलेल्या घरांमागे पुराचा लेखी, रुपयांतला हिशेब जमतो. कोणत्या आळीत किती पाणी, किती रुपयांचे नुकसान. गाळ काढायला पैसा मागणाऱ्या नागरिकांच्या हातात आज असा कागद नसतो, पंचनाम्यांची बेरीज असते. आणि एखाद्या यंत्रणेची चूक खरोखर सिद्ध झाली, तर भरपाई दिलेल्या कंपनीला तिच्यामागे लागण्याचा कायदेशीर अधिकार मिळतो. एकट्या घरमालकापेक्षा कंपनीचे वकील अशा लढाईला जास्त टिकतात.

दुसरा आक्षेप अनुभवाचा म्हणून पुढे येतो: कंपन्या पैसे देत नाहीत. काही देत नाहीत, काही उशिरा देतात, काही कापून देतात, हे खरे. पण दावे बिघडण्याची कारणे पाहिली तर बरीचशी पूर येण्याआधीच घडलेली असतात. रक्कम जमिनीसकट लावलेली असते, किंवा दहा वर्षांपूर्वीच्या खर्चावर. सामानाची नोंद कुठेच नसते. मग पाणी ओसरल्यावर सर्व्हेअर, जो कंपनीने नेमलेला असला तरी नियामकाचा परवानाधारक असतो, येऊन विचारतो की वॉशिंग मशीन कुठल्या कंपनीचे, कधी घेतलेले, तेव्हा बिल गाळात असते. दर मेअखेर घरातल्या प्रत्येक खोलीचा मोबाइलवर एक व्हिडिओ करून परगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवला तर या दाव्यातला निम्मा वाद उरत नाही. पुरानंतर कंपनीला लगेच कळवावे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट फोटो काढावेत आणि सर्व्हेअर येईपर्यंत मोठ्या वस्तू फेकू नयेत. गाळ मात्र काढावाच लागतो, रोगराई सर्व्हेअरची वाट पाहत नाही, म्हणून काढण्याआधी फोटो. एवढे करूनही कंपनी अडली तर विमा लोकपालाकडे वकिलाशिवाय, फुकट तक्रार करता येते. तलाठ्याच्या पंचनाम्यावर नाराज माणसाला इतका सरळ दरवाजा मिळत नाही. मदतीच्या रकमेवर भांडता येते ते विनंतीच्या सुरात. विम्यात करार असतो.

तिसरा आक्षेप कमी ऐकू येतो, पण माझ्या मते तोच सर्वांत वजनदार आहे. आज हप्ता कमी आहे कारण पूरग्रस्त घरे थोडी आणि सुरक्षित घरे जास्त. उद्या चिपळूण, महाड, खेड, राजापूर इथल्याच लोकांनी धडाधड विमा उतरवला आणि पुण्याच्या डोंगरावरच्या माणसाने उतरवलाच नाही, तर कंपन्या दर वाढवतील किंवा हे पिनकोड नाकारतील. ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेने १९६८ मध्ये सरकारी पूरविमा सुरू केला, वर्षानुवर्षे तो खऱ्या जोखमीपेक्षा स्वस्त ठेवला आणि तीच ती घरे पुन्हा पुन्हा बुडून पुन्हा पुन्हा बांधली गेली. २०१७ मध्ये त्या योजनेचे १६ अब्ज डॉलरचे कर्ज संसदेला माफ करावे लागले आणि तरी वीस अब्जांहून जास्त उरले. २०२१ मध्ये त्यांनी प्रत्येक घराच्या खऱ्या जोखमीप्रमाणे दर लावायला सुरुवात केली, तेव्हा किनाऱ्यावरच्या कित्येक कुटुंबांच्या डोळ्यांत पाणी आले. ब्रिटनने २०१६ पासून वेगळा मार्ग धरला. सगळ्या घरगुती विमा कंपन्यांकडून वर्गणी गोळा करून पुराच्या घरांचा बोजा एका सामाईक निधीवर टाकला, पण त्याला २०३९ ची मुदत घातली आणि २००९ पासून बांधलेली घरे त्यातून वगळली. मला ब्रिटनच्या त्या वगळण्यात शहाणपण दिसते. जुन्या घराला सांभाळायचे, कारण ते बांधले गेले तेव्हा पूररेषाच नव्हती. रेषा माहीत असून आत बांधलेल्या नव्या इमारतीचा भार मात्र इतरांच्या हप्त्यावर टाकायचा नाही. आपल्याकडे दर वाढण्याची भीती आहे म्हणून आज विमा न घेणे म्हणजे उद्या धान्य महागेल म्हणून आज उपाशी राहण्यासारखे आहे. पण दर वाढतील तेव्हा ते कुणावर आणि कोणत्या मापाने, हा प्रश्न आत्ताच विचारून ठेवायला हवा, आणि त्याचे माप पूररेषेत तयार आहे.

कोकणाची म्हणून एक खास अडचण आहे, जिचा उल्लेख कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. घर आजोबांच्या नावावर, सातबारावर वीस-पंचवीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत, आणि घरात राहते ती एक म्हातारी चुलती. अशा घराचा विमा कोण उतरवणार? विम्यासाठी घराची एकट्याची मालकी असावी लागत नाही. नुकसान झाल्यास ज्याला खरोखर तोशीस लागते असा सहमालक विमा घेऊ शकतो. पण भरपाईच्या धनादेशावर पंचवीस जणांत भांडण व्हायचे नसेल तर पॉलिसी घेताना सहमालकांची साधी लेखी संमती घेऊन ठेवावी. भाड्याने किंवा पागडीने राहणाऱ्याला इमारतीचा नाही तरी आपल्या सामानाचा विमा घेता येतो. दुसरी अडचण कुलुपाची. चाकरमान्यांची घरे गणपती आणि शिमगा सोडला तर बंद असतात, आणि पूर जुलैत येतो. घर सलग तीस दिवसांहून जास्त रिकामे राहिले तर जुन्या धर्तीच्या आगविमा पॉलिसीत संरक्षण थांबत असे. म्हणून आपल्या पॉलिसीत रिकाम्या घराबद्दल काय लिहिले आहे ते आधी पाहावे, घर बंद असते हे कंपनीला लेखी कळवावे आणि त्याची पोच ठेवावी. हे लपवून काढलेली पॉलिसी पुरापेक्षा आधी कागदावर बुडते. कुडाच्या भिंतींच्या आणि गवताने शाकारलेल्या घरांना तर विमा मिळणेच कठीण जाते, आणि तिथे सरकारी मदतीला पर्याय नाही.

विमा घेतला म्हणून पाणी एक इंचानेही खाली उतरत नाही, हे वेगळे सांगायला नको. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. त्याला दोन्ही पुरांचा फटका बसला, आणि जुन्या दुर्मीळ पुस्तकांची किंमत कुठलाही सर्व्हेअर लावू शकत नाही. म्हणून घरातली कामे आधी. विजेचा मुख्य बोर्ड आणि इन्व्हर्टर २०२१ च्या खुणेच्या वर न्यावा. खालच्या मजल्यावर प्लायवूडऐवजी कडप्पा आणि फरशी वापरावी. कागदपत्रे माळ्यावर ठेवावीत, आणि माळ्यावरून छपरावर निघायला वाट असावी. नवे बांधत असाल तर जोते लाल रेषेच्या वर. या कामांचा हप्त्याशी थेट संबंध असायला हवा, आणि आपल्या विमा व्यवस्थेची खरी उणीव इथे आहे. ज्याने दोन लाख घालून जोते चढवले आणि ज्याने काहीच केले नाही, ते दोघेही जवळपास सारखाच हप्ता भरतात. कंपनीला दोघांत फरक करता येत नाही, कारण घराघरातली पाण्याची पातळी सांगणारी नोंद तिच्याजवळ नाही.

घराघरांत जाऊन पॉलिसी विकण्याची वाट न पाहता संपूर्ण प्रदेशाचा विमा उतरवण्याचा मार्गही आता देशात वापरला गेला आहे. नागालँडने २०२४ मध्ये पावसाच्या मोजमापावर चालणारा आपत्ती विमा राज्यासाठी घेतला. ठरलेल्या पातळीपेक्षा जास्त पाऊस झाला की पंचनाम्याशिवाय राज्याला रक्कम मिळते. कोकणातल्या नगरपरिषदांसाठी, किंवा निदान रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांसाठी, असे काही करता येईल. त्यातला धोकाही सरळ आहे. पाऊस महाबळेश्वरला पडतो आणि बुडते महाड, तेव्हा मोजायचा तो पाऊस कुठला? पर्जन्यमापकाने मोजायचे की नदीतल्या पाण्याच्या पातळीने, यावर सारे अवलंबून. पातळीने मोजले तर पैसा खऱ्या पुरानंतर मिळेल, पण त्यासाठी वाशिष्ठी आणि सावित्रीवर कुणाला खोडता येणार नाही अशी पातळीची नोंद हवी. हा पैसा पहिल्या आठवड्याच्या कामांना, गाळ उपसायला आणि पिण्याच्या पाण्याला उपयोगी पडेल. घरातला फ्रीज त्यातून येणार नाही, ती पॉलिसी ज्याची त्याने घ्यायची.

ही सगळी गाडी अडते ती एकाच माहितीवर: कोणत्या घरात किती पाणी आले. ती माहिती गावाला आहे. २०२१ मधल्या पाण्याच्या खुणा अनेक भिंतींवर अजून पुसलेल्या नाहीत, आणि ज्या पुसल्या त्या घरातल्यांना हाताने दाखवता येतात. नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या नोंदीत घराचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर हे सारे असतेच. तिथे आणखी दोन रकाने हवेत, जोत्याची उंची आणि २००५ व २०२१ च्या पाण्याची उंची, फुटांत. घर विकत घेणारा ते वाचेल, बँक वाचेल, विमा कंपनी वाचेल. विकणाऱ्याला ते आवडणार नाही, आणि रकाने आजवर का आले नाहीत याचे कारणही बहुधा तेच असावे.